परदेशी सीमा आणि आपली मुले

(लातूर येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सीमा म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही. १९४८ पूर्वी या भागातला माणूस बार्शी-सोलापूरकडे निघाला की वाटेत निजामाचा करोडगिरी नाका लागत असे. गाठोडे सोडून दाखवावे लागे, जकात भरावी लागे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळून हजारो कुटुंबांनी हीच हद्द ओलांडली. नांदेडकडची माणसे उमरखेडच्या बाजूला गेली, लातूर-उस्मानाबादकडची बार्शी-सोलापूरच्या बाजूला. हद्दीच्या अलीकडे जिवाची शाश्वती नाही आणि पलीकडे निर्धास्त झोप, अंतर मात्र दोन-चार कोसांचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती हद्द पुसली गेली. त्यानंतरच्या पिढ्यांना ती आजी-आजोबांच्या बोलण्यातूनच तेवढी ठाऊक झाली, आणि पुढे तीही आठवण विरत गेली.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस याच जिल्ह्यांतील घरांत पुन्हा एकदा सीमेचा विषय निघाला. या वेळी गावांची नावे अनोळखी होती. शेहिनी, मेडिका, चोप, सिरेत ही नावे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर झळकू लागली आणि ज्यांनी ती कधी ऐकली नव्हती, अशा मातापित्यांना ती पाठ झाली. कारण त्या फाटकांशी बर्फात उभ्या असलेल्या मुलांत लातूर आणि नांदेडची मुले होती. आजचा विषय आहे तो त्या फाटकाचा. त्यातून कोणाला आत घेतात, कोणाला थांबवतात आणि ते कोण ठरवते, हा प्रश्न आहे. शिक्षणासाठी मुलाला परदेशी धाडणाऱ्या प्रत्येक घराने तो समजून घेतला पाहिजे, कारण प्रवेशाची धावपळ करताना नेमका हाच विषय कोणी काढत नाही.

प्रथम, ही मुले तेथे गेली कशासाठी? लातूरच्या शिक्षणाचा लौकिक सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या अध्यापनपद्धतीचा पाया घातला, तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव मिळाले. दयानंदसारख्या महाविद्यालयांनीही तो कित्ता गिरवला. नांदेडही पाठोपाठ पुढे आले. आज अर्ध्या महाराष्ट्रातून मुले या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतात. पण गणित निष्ठुर आहे. २०२१ च्या ‘नीट’ परीक्षेला देशभरातून १५ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा नव्वद हजारांच्या आतबाहेर होत्या आणि त्यांतील जवळपास निम्म्या खासगी महाविद्यालयांत. तेथील शुल्क ऐकून मध्यमवर्गीय माणसाने जमीन विकण्याचाच विचार करावा. युक्रेनमध्ये मात्र वर्षाचे शुल्क साधारण साडेतीन ते पाच हजार डॉलर होते. तेव्हा परीक्षेत पात्र ठरलेली पण सरकारी जागेपर्यंत न पोचलेली मुले खारकीव्ह, कीव्ह, विनित्सिया, तेर्नोपिल, इव्हानो-फ्रांकिव्स्क, चेर्निव्हत्सी या शहरांच्या वाटेला लागली. त्यांना कमअस्सल समजणे अन्यायाचे होईल. दोन-चार गुणांनी हुकलेली कित्येक मुले त्यांत होती.

घरोघरी तेव्हा चौकशी झाली ती शुल्काची, वसतिगृहाची, शाकाहारी जेवणाची आणि थंडीची. एजंटानेही तेवढेच सांगितले. युक्रेनच्या पश्चिमेला कोणते देश आहेत आणि भारतीय पासपोर्टवर त्यांच्यात पाऊल टाकता येते की नाही, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. आणि येण्याचे कारणही नव्हते. मूल विमानाने जाणार आणि विमानाने येणार. मधल्या देशांशी संबंध काय?

२४ फेब्रुवारीच्या पहाटे रशियन आक्रमण सुरू झाले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. भारतीयांना आणण्यासाठी कीव्हकडे निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच माघारी वळले. त्या एका सकाळी विमानप्रवासी मुले पादचारी झाली आणि शेजारच्या देशांचे प्रवेशनियम त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रश्न झाले.

आता तो नियम नीट पाहू. युक्रेनच्या नागरिकाला युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. ११ जून २०१७ पासून ही सवलत लागू आहे. अटी दोन. पासपोर्ट बायोमेट्रिक हवा, आणि कोणत्याही १८० दिवसांत मुक्काम ९० दिवसांपेक्षा अधिक नको. नोकरी करण्याची मोकळीक त्यात नाही, केवळ भेटीची आहे. आयर्लंड आणि तेव्हा संघात असलेले ब्रिटन या व्यवस्थेच्या बाहेर होते. आयर्लंडने युद्ध सुरू होताच, २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनी लोकांसाठी व्हिसाची अट काढून टाकली. ब्रिटनने व्हिसा कायम ठेवून त्याच्या वेगळ्या योजना आणल्या. सांगायचे ते एवढेच, की एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी दोन मुले होती. युक्रेनी मुलाला पोलंडचे दार पाच वर्षांपासून उघडे होते. लातूरच्या मुलाला ते बंद होते. गुण, हजेरी, भरलेले शुल्क, यांपैकी कशाचाही त्या दाराशी संबंध नव्हता.

लातूरच्या मुलाच्या खिशात युक्रेनचा तात्पुरता वास्तव्य परवाना होता. मुले त्याला ‘टीआरसी’ म्हणतात. तो परवाना युक्रेनपुरता. पोलंड, हंगेरी आणि स्लोव्हाकिया हे देश शेंगेन करारातले. या करारातल्या देशांनी आपापसांतील सीमांवरची तपासणी उठवली आहे, आणि त्यासाठी बाहेरची सीमा मात्र घट्ट आवळली आहे. एकदा आत गेलेला माणूस वॉर्सावरून लिस्बनपर्यंत विनाअडथळा जाऊ शकतो, म्हणून पहिल्या फाटकावरचा अधिकारी सगळ्यांच्या वतीने पहारा देतो. भारतीयाला त्या फाटकातून जायचे तर आधी शेंगेन व्हिसा हवा. त्यासाठी अर्ज, बोटांचे ठसे, किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा, आणि सामान्यतः पंधरा दिवसांची वाट. रोमानिया तेव्हा शेंगेनमध्ये नव्हता. तो हवाई व सागरी मार्गांपुरता मार्च २०२४ मध्ये आणि जमिनीवरील सीमांसह १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आला. त्यामुळे २०२२ मध्ये त्याचा नियम निराळा होता. मोल्दोव्हा ना युरोपीय संघात, ना शेंगेनमध्ये. त्याचा नियम आणखी निराळा. बॉम्बवर्षावात बंकरमध्ये बसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने हे सर्व तपासून पाहावे, अशी अपेक्षा कोण करील?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रत्येक सीमेला दोन फाटके असतात. एक बाहेर सोडणाऱ्या देशाचे आणि दुसरे आत घेणाऱ्या देशाचे. आपल्याकडे चर्चा होते ती दुसऱ्याची. पण त्या आठवड्यात खरी कोंडी पहिल्या फाटकावर झाली. लष्करी कायदा लागू झाल्यामुळे १८ ते ६० वयाच्या युक्रेनी पुरुषांना देश सोडण्यास बंदी होती. (ही अट पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये २२ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी सैल झाली.) तपासणी त्यामुळे कडक, आणि बायका-मुलांचे लोंढे लाखांचे. शेहिनीच्या रस्त्यावर गाड्यांच्या कित्येक किलोमीटर रांगा लागल्या. आपल्या मुलांनी शेवटचे वीस-तीस किलोमीटर, कोणी त्याहूनही अधिक, पायी कापले. युक्रेनच्या बाजूला आधी स्थानिक नागरिकांना सोडत होते, आपल्याला मागे ढकलत होते, असे पुष्कळ विद्यार्थ्यांनी तेव्हा सांगितले. आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांचीही तक्रार तीच होती. ती खरी मानायला जागा आहे. युद्धात सापडलेले राष्ट्र प्रथम आपल्या माणसांचा विचार करते, आणि परका तो परका ठरतो. अपमानाचा तो प्रसंग मुलांच्या मनातून सहज जाणारा नाही.

चेर्निव्हत्सी आणि उझहोरोदची मुले तशी भाग्यवान. पहिले शहर रोमानियाच्या सीमेलगत, दुसरे स्लोव्हाकिया-हंगेरीच्या तोंडाशी. खारकीव्हची मुले मात्र पश्चिम सीमेपासून हजार किलोमीटरवर होती, म्हणजे नांदेडहून ग्वाल्हेर गाठावे इतके. त्याच खारकीव्हमध्ये १ मार्चला, किराणा आणण्यासाठी रांगेत उभा असलेला कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याचा विद्यार्थी तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाने सांगितले, की सायंकाळी सहापूर्वी खारकीव्ह सोडा, वाहन मिळाले नाही तर पायी निघा, आणि पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का गाठा. सुमीतले सुमारे सातशे विद्यार्थी तर ८ मार्चपर्यंत अडकून होते.

सरकारने आधी सावध केले नव्हते काय, असा प्रश्न विचारला जातो. केले होते. १५ फेब्रुवारीला पहिली सूचना निघाली, मग २० ला आणि २२ ला. पहिल्या सूचनेत, ज्यांचे राहणे आवश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते परतण्याचा विचार करावा, अशी भाषा होती. मुले अडकली ती हजेरीपायी. विद्यापीठे ऑनलाइन वर्गाला अनुमती देत नव्हती, गैरहजेरीत नाव कापले जाण्याची भीती होती, आणि विमानाची तिकिटे आवाक्याबाहेर गेली होती. २२ तारखेच्या सूचनेत विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहत बसू नका असे स्पष्ट लिहिले गेले, तेव्हा हाती दोन दिवस उरले होते. सूचनेची भाषा आठवडाभर आधी इतकीच खणखणीत हवी होती, हे म्हणण्यात सरकारचा अधिक्षेप नाही. त्यानंतर जे कार्य झाले, त्याचे मोल त्याने उणे होत नाही.

ते कार्य काय झाले? शेंगेन सीमा संहितेच्या सहाव्या कलमात एक पोटकलम आहे. प्रवेशाच्या अटी पूर्ण न करणाऱ्या परकीयालाही मानवतेच्या कारणास्तव, राष्ट्रहितासाठी किंवा आंतरराष्ट्रीय बांधिलकीमुळे आत घेण्याचा अधिकार ते प्रत्येक देशाला देते. तो अधिकार आहे, सक्ती नाही. वापरायचा की नाही, हे त्या त्या देशाने ठरवायचे. २७ फेब्रुवारीला पोलंडचे भारतातील राजदूत आदाम बुराकोव्स्की यांनी जाहीर केले, की युक्रेनमधून येणाऱ्या सर्व भारतीय विद्यार्थ्यांना पोलंड व्हिसाविना प्रवेश देत आहे. हंगेरी, स्लोव्हाकिया आणि रोमानियानेही दारे उघडली. युरोपीय आयोगाने २ मार्चला आपल्या सदस्यदेशांना सीमेवरील तपासणी सुलभ करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. म्हणजे आपल्या मुलांसाठी दार उघडले ते लेखी सूत्र येण्याच्या आधी, राज्याराज्यांमधल्या बोलण्यातून.

भारताने चार मंत्री चार दिशांना धाडले. हंगेरीत हरदीपसिंग पुरी, स्लोव्हाकियात किरेन रिजिजू, पोलंडमध्ये जनरल व्ही. के. सिंग, रोमानिया-मोल्दोव्हात ज्योतिरादित्य शिंदे. मंत्री फाटकावर काय करणार, अशी थट्टाही तेव्हा झाली. पण सीमेवरचा अधिकारी आपल्या राजधानीकडून आलेले शब्द ऐकतो, आणि राजधानीशी बोलायला समोर तोलाचा माणूस लागतो. दूतावासाने गर्दीचे शेहिनी टाळून बुदोमिएझच्या सीमेकडे वळण्याचा सल्ला दिला, तो अशाच समन्वयातून. पहिले विमान २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरले. मोहिमेत ९० विमानांतून सुमारे २२,५०० भारतीय परतले. त्यांतील १४ फेऱ्या वायुदलाच्या होत्या. अठरा अन्य देशांच्या १४७ नागरिकांनाही भारताने बाहेर काढले. पोलंडमधील झेशोव्ह येथे स्वामीनारायण संप्रदायाच्या बीएपीएस संस्थेचे स्वयंसेवक फिरते स्वयंपाकघर घेऊन पोचले आणि गोठलेल्या मुलांना गरम जेवण मिळाले. याची नोंद सरकारी कागदांत फारशी सापडणार नाही, म्हणून ती येथे.

बसवर तिरंगा लावला की नाक्यांवर वाट मिळत होती, आणि इतर देशांची मुलेही तो हाती धरून चालली, हे त्या दिवसांत विद्यार्थ्यांच्याच तोंडून वृत्तसंस्थांनी ऐकवले. ऊर भरून यावा असेच ते दृश्य. तरीही पालकांनी दोन गोष्टींत गल्लत करू नये. झेंड्याने रस्त्यावरची वाट सुरक्षित केली. फाटकावर मात्र अधिकाऱ्याने पासपोर्टच मागितला, आणि पासपोर्टामागे दोन राष्ट्रांमध्ये काय ठरले आहे ते पाहिले.

पोलंडचे नाव निघाले की महाराष्ट्राने एक प्रकरण आठवावे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने सायबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे सुटून इराणमार्गे भारतात आली. त्यांना देश उरला नव्हता. त्यांच्या पासपोर्टांना विचारणारे सरकार लंडनमध्ये निर्वासित होऊन बसलेले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे शेकडो अनाथ पोलिश मुलांना आसरा दिला. आणि १९४३ मध्ये कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. बहुतेक स्त्रिया आणि मुले. तेथे शाळा होती, चर्च होते, रुग्णालय होते. १९४८ पर्यंत ही माणसे कोल्हापूरच्या मातीत नांदली. वॉर्सामध्ये आज जामसाहेबांच्या नावाने चौक आहे आणि कोल्हापूरचे स्मारकही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये, पंचेचाळीस वर्षांनंतर भारतीय पंतप्रधान पोलंडला गेले, तेव्हा नरेंद्र मोदींनी या दोन्ही ठिकाणी अभिवादन केले. वळिवड्याच्या पुण्याईमुळे मेडिकाचे फाटक उघडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तो निर्णय २०२२ च्या राजकारणाचा होता. परंतु दोन समाजांच्या आठवणीत एकमेकांविषयी चांगले काही साठलेले असले की दूताचे काम हलके होते, एवढे मान्य करायला हरकत नाही.

उघडलेले दार किती उघडले होते, हेही पाहिले पाहिजे. ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने आपला २००१ चा तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा प्रथमच अमलात आणला. बाल्कनमधल्या युद्धांनंतर केलेला हा कायदा वीस वर्षे कपाटात पडून होता. त्यानुसार युक्रेनी नागरिकांना युरोपात राहण्याचा, नोकरीचा, शाळेचा, दवाखान्याचा हक्क मिळाला, आणि त्याची मुदत वाढत वाढत ४ मार्च २०२७ पर्यंत गेली आहे. युक्रेनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या परकीयांपैकी ज्यांना मायदेशी सुरक्षित परतता येत नाही, त्यांचाही त्यात विचार झाला. तात्पुरत्या परवान्यावरचे विद्यार्थी मात्र सक्तीच्या कक्षेबाहेर राहिले. भारत हा परतण्याजोगा सुरक्षित देश आहे, तेव्हा परत जा, हा त्यामागील विचार. रागावण्यासारखे त्यात काही नाही. दार उघडले ते घरी जाण्यापुरते, आणि तेवढ्यासाठीच ते मागितले होते.

घरी आल्यावर दुसरे फाटक लागले. परदेशातील वैद्यकीय पदवी ग्राह्य धरण्यासाठी संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत व्हावे, असा आपला दंडक आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी त्यात किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप, हे स्पष्ट केले. शिवाय २००२ पासून चालत आलेली चाळणी परीक्षा आहेच. तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक वेळा एक-चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी राहिले आहे. परतलेल्या मुलांना भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, असे केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्याच महिन्यात आयोगाने इतर देशांतील विद्यापीठांत उरलेले शिक्षण घेण्यास मान्यता दिली, पण पदवी युक्रेनमधल्या मूळ विद्यापीठाचीच. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा प्रश्न मार्च २०२३ मध्ये न्यायालयात परीक्षेच्या संधी देऊन सुटला. मधल्या वर्गातली मुले लटकली. कित्येक जण नव्या देशाचा नवा व्हिसा काढून निघाले, आणि काही जण युद्ध चालू असतानाच पोलंड-मोल्दोव्हाच्या वाटेने युक्रेनला परत गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दूतावासाला पुन्हा देश सोडण्याच्या सूचना काढाव्या लागल्या आणि हंगेरी, स्लोव्हाकिया, मोल्दोव्हा, पोलंड, रोमानिया या पाचही सीमांच्या वाटा समजावून सांगाव्या लागल्या. फेब्रुवारीतली घाईगर्दीची उदारता आता गृहीत धरता येत नव्हती. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात मिळालेली सवलत आठव्या महिन्यात मिळतेच असे नाही.

मराठवाड्यातून परदेशी वैद्यकीय शिक्षणाला जाणारा ओघ थांबलेला नाही. तो जॉर्जिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशियाकडे वळला आहे. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला आणि भारतीय दूतावासाने मुलांना दाराबाहेर पडू नका असे कळवले. जून २०२५ मध्ये इराणवर हल्ले सुरू झाले, आकाश बंद झाले, आणि उर्मियाहून ११० भारतीय विद्यार्थी रस्त्याने आर्मेनियात नेऊन तेथून मायदेशी आणावे लागले. तीच कथा. विमाने बंद, शेजारच्या देशाची सीमा, आणि त्या देशाशी असलेले आपले संबंध.

तेव्हा एजंटासमोर बसाल त्या दिवशी नकाशा पुढे ठेवा. जॉर्जियाला चार शेजारी आहेत. रशिया, तुर्कस्तान, आर्मेनिया आणि अझरबैजान. अझरबैजानने २०२० मध्ये महामारीच्या निमित्ताने जमिनीवरून येणाऱ्या प्रवाशांसाठी सीमा मिटल्या आणि ती बंदी पुढे वर्षानुवर्षे वाढवत नेली. उरलेल्या तिघांत भारतीय पासपोर्टवर कोणत्या व्हिसाने शिरता येते, तो ऑनलाइन मिळतो की दूतावासात जाऊन, हे त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा. एजंटाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका, कारण त्याचे दायित्व प्रवेशाच्या पावतीपाशी संपते. शेंगेन व्हिसाचा अर्ज सामान्यतः आपले कायदेशीर वास्तव्य जेथे आहे तेथूनच करायचा असतो. म्हणजे तिबिलिसीत शिकणाऱ्या मुलासाठी वडिलांनी मुंबईत खेटे घालून उपयोग नाही. त्याने तेथेच अर्ज करावा, आणि शुल्क ९० युरो.

युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदपद्धती आली आहे. परकीय प्रवाशाच्या पासपोर्टावर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा यंत्रात नोंदवला जातो. ९० दिवसांचा हिशेब आता यंत्र ठेवते, तेव्हा पुसट शिक्क्याचा फायदा घेण्याचे दिवस गेले. सुटीत युरोप पाहून येऊ म्हणणाऱ्या मुलांना हे सांगून ठेवा. मुक्कामाचे दिवस ओलांडल्याची नोंद राहिली, तर नेमक्या अडचणीच्या वेळी ती समोर येते.

आणि पासपोर्टाविषयी. वास्तव्य परवान्याच्या नूतनीकरणासाठी कित्येक ठिकाणी मूळ पासपोर्ट आणि शाळेचे मूळ दाखले विद्यापीठाच्या कार्यालयात किंवा एजंटाच्या हाती ठेवून घेतले जातात. २०२२ मध्ये पुष्कळ मुले मूळ दाखल्यांवाचून परतली आणि पुढे महिनोन्‌महिने ती मागवत राहिली. दाखल्यांच्या साक्षांकित प्रतींचा एक संच लातुरात घरी असावा. पासपोर्ट जितके दिवस दुसऱ्याच्या ताब्यात असेल तितके दिवस त्याची लेखी पोच मुलाजवळ असावी, आणि त्या पोचीचे छायाचित्र आईच्या फोनमध्ये. दूतावासाकडे नाव नोंदवण्याचे काम पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात उरकायचे. २०२२ मध्ये कोण कोठे आहे हे कळण्यासाठी दूतावासाला घाईघाईने अर्ज भरून घ्यावे लागले. मराठवाड्यातील पालकांचे दूरध्वनी त्या दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालयात वाजत होते, आणि तेथले लोक प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारीत होते, की तुमचा मुलगा नेमका कोणत्या शहरात आहे आणि त्याच्यापासून जवळची सीमा कोणती.